बटण आणि बूट: सुट्टीतल्या खेळांच्या खरेदीसाठी पुण्याच्या पेठा कशा आहेत

नाताळच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर खेळांचा कार्यक्रम ठरला की बहुतेक पैसा आणि वेळ बक्षिसांवर, फुग्यांवर आणि खाण्यावर जातो. कार्यक्रम बिघडतो तो मात्र दोन वेगळ्याच गोष्टींमुळे. गाणे नेमक्या क्षणी थांबत नाही, नाहीतर धावणाऱ्याचा पाय फरशीवरून सटकतो. संगीत खुर्ची, पार्सलचा खेळ, बुटांचा जोड शोधणे हे सगळे खेळ थांबणाऱ्या गाण्यावर आणि थांबणाऱ्या पायावर उभे असतात. म्हणून या आढाव्यात आधी आवाज आणि पादत्राणे, बाकीचे सामान त्यांच्या मागून. बाजार पाच पाहिले आहेत: बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, रविवार पेठेतली बोहरी आळी, तुळशीबाग, आणि बुटांसाठी लक्ष्मी रस्ता व कॅम्पातली फॅशन स्ट्रीट.

खरेदीचा क्रम महत्त्वाचा आहे. सकाळी अकराच्या सुमारास तपकीर गल्ली, कारण स्पीकर नीट वाजवून बघायचा तर दुकानात गर्दी नसावी लागते. मग बोहरी आळी. दुपारी १ ते ४ पेठांतल्या कित्येक जुन्या दुकानांची फळी खाली असते, तो वेळ जेवणाला द्यावा आणि नंतर तुळशीबागेत शिरावे. बूट अगदी शेवटी, संध्याकाळी. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो आणि कार्यक्रमही संध्याकाळीच असतो, त्यामुळे सकाळी अगदी बरोबर बसलेला बूट त्या वेळी चावतो. गाडी घरी ठेवलेली बरी. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचे मंडई स्थानक सुरू झाले आहे आणि पेठांतली ही सगळी ठिकाणे तिथून चालत होतात. अडचण एकच, मोठा स्पीकर हातात घेऊन गर्दीत फिरता येत नाही. तो पसंत करून बिल करावे, दुकानातच ठेवायला सांगावा आणि जाताना रिक्षात घालून न्यावा.

तपकीर गल्लीबद्दल आमचे मत चांगले आहे, पण ग्राहकाला काय विचारायचे ते ठाऊक असेल तरच. स्पीकरच्या खोक्यावर हजारांत वॅट छापलेले असतात. तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो आणि त्याचा प्रत्यक्ष आवाजाशी फारसा संबंध नसतो. विचारायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या शक्तीचा. चाळीस-पन्नास माणसांच्या पार्किंगला चाकांचा, आठ ते बारा इंची शंकूचा आणि खरोखर चाळीस-पन्नास वॅट आरएमएस देणारा एक स्पीकर पुरतो. दोन लहान स्पीकर घेऊन ते ब्लूटूथने जोडण्याचा मोह टाळावा. दोघांचा आवाज किंचित मागेपुढे येतो, आणि एका टोकाला गाणे थांबले असे वाटते तेव्हा दुसऱ्या टोकाला ते चालूच असते. मग भांडण ठरलेले.

ब्लूटूथचा दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. त्याच्या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात. फोन एका कोपऱ्यात, स्पीकर दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधे वीस माणसे फिरत असली की गाणे मधेच तुटते. खेळणाऱ्यांना वाटते थांबले, ते बसतात, आणि गाणे पुन्हा सुरू होते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे: साडेतीन मिलिमीटरची ऑक्स केबल, दीड ते तीन मीटर लांबीची. नव्या फोनला ते छिद्र नसते, त्यासाठी सी-टाइपचा जोड त्याच गल्लीत मिळतो. तो घेताना स्वतःच्या फोनला लावून वाजवून बघावा, कारण काही जोड काही फोनवर चालतच नाहीत. केबलची पिन धरून हळूच फिरवावी. खरखर आली तर ती केबल नको.

दुकानात स्पीकरची परीक्षा अशी घ्यावी. आपल्या फोनवरचे ओळखीचे गाणे लावायचे आणि लागोपाठ दहा वेळा थांबवायचे, चालू करायचे. प्रत्येक वेळी आवाज कापल्यासारखा तुटला पाहिजे. तो विरत विरत जात असेल तर दोष बहुधा स्पीकरचा नसून गाण्याच्या ॲपचा असतो. सेटिंगमध्ये क्रॉसफेड किंवा फेड नावाची सोय असते, ती बंद करायची. फुकटच्या ॲपवर मधेच जाहिरात लागते, म्हणून गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायची आणि खेळाच्या वेळी फोन विमान मोडवर टाकायचा. नाहीतर ऐन फेरीत कुणाचा तरी फोन येतो आणि गाणे आपोआप थांबते.

चाकांच्या स्वस्त स्पीकरमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी ठेवून स्पीकर वर्षभर माळ्यावर टाकला तर आतल्या पट्ट्यांवर थर बसतो आणि पुढच्या डिसेंबरात तो दहा मिनिटांत मान टाकतो. दर दोन-तीन महिन्यांनी पूर्ण चार्ज करणार असाल तरच अशी बॅटरी घ्यावी. नाहीतर लिथियम बॅटरीचा घ्यावा किंवा सरळ भाड्याने आणावा. वर्षातून एकदा लागणाऱ्या सोसायटीने भाड्यानेच आणावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

बिनतारी माइक दोन घ्यायचे असतील तर ते एकाच दुकानातून, एका वेळी चालू करून घ्यावेत. एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन माइक एकमेकांचा आवाज खातात. शिट्टी वाजते ती माइक स्पीकरच्या समोर आल्यामुळे. सूत्रसंचालन करणाऱ्याने स्पीकरच्या मागे किंवा बाजूला उभे राहावे, शिट्टी जाते. आवाजाचा कायदाही लक्षात असू द्यावा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. हाऊजी सातला सुरू केली तर सगळे खेळ साडेनऊला आटोपतात.

बोहरी आळीत या कामाचे जवळजवळ सगळे किरकोळ सामान एका फेरीत मिळते: हाऊजीचे संच आणि तिकिटांची पुस्तके, क्रेप कागद, रिबिनी, रबरबँड, पोती, प्लास्टिकचे चमचे, बक्षिसांची वेष्टणे. ठोक बाजार असल्यामुळे डझनाखाली बोलले तर दुकानदार फारसे लक्ष देत नाहीत. यादी आकड्यांसकट लिहून न्यावी. पोत्यांच्या शर्यतीसाठी सुतळीची गोणी घ्यावी, प्लास्टिकच्या धाग्याची नको. प्लास्टिकची पोती गुळगुळीत फरशीवर घसरतात आणि त्यांत पाय गुंततो.

हाऊजीचा संच मात्र उघडून तपासल्याशिवाय घेऊ नये. सोंगट्या मोजा, १ ते ९० भरल्या पाहिजेत. एखादी कमी असणे सर्रास आढळते, आणि तोच आकडा एखाद्याच्या तिकिटावर शेवटचा उरलेला असतो. सोंगटी गोल असेल आणि आकडे इंग्रजी असतील तर उलट्या धरलेल्या सोंगटीचा घोळ होतो. त्यात चार जोड्या येतात: ६ आणि ९, १८ आणि ८१, १९ आणि ६१, ६८ आणि ८९. या आठ सोंगट्यांवर आकड्याखाली रेघ हवी. नसली तर दुकानातून बाहेर पडण्याआधी पर्मनंट मार्करने मारून घ्यावी. १६, ६६ आणि ८६ उलटे केले तर ९१, ९९ आणि ९८ होतात, ते आकडे खेळातच नसल्यामुळे तिथे फसगत होत नाही.

तिकीट तीन ओळी आणि नऊ स्तंभांचे असते. एकूण २७ घरे, त्यांतली १५ भरलेली, प्रत्येक ओळीत बरोबर पाच आकडे. पहिल्या स्तंभात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असे करत शेवटच्यात ८० ते ९०. स्वस्त पुस्तकांत छपाई चुकते: एका ओळीत चारच आकडे, किंवा ४० चा आकडा तिशीच्या स्तंभात. पहिली दहा तिकिटे नजरेखालून घालायला दोन मिनिटे लागतात. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे एकाच छापाची दोन पुस्तके घेतली तर तीच तिकिटे पुन्हा येतात. दोन जणांचे तिकीट हुबेहूब एकच, म्हणजे प्रत्येक बक्षिसाला दोघे उभे. म्हणून जाड असे एकच पुस्तक घ्यावे, किंवा दोन घ्यायची तर त्यांचे रंग आणि अनुक्रम वेगळे असल्याची खात्री करावी. सहा तिकिटांची सलग पट्टी मिळाली तर उत्तम. नीट छापलेल्या पट्टीत १ ते ९० सगळे आकडे एकदाच येतात, त्यामुळे प्रत्येक पुकाराला त्या पट्टीतल्या कुणाचा तरी आकडा लागतो. लहान मुले असलेल्या घराला अशी एक पट्टी द्यावी, मुलांचा रस टिकतो.

वेळेचा अंदाज असा. चाळीस तिकिटे असतील तर पहिले फुल हाऊस (तिकिटावरचे पंधराही आकडे लागणे) साधारण सत्तराव्या आकड्याच्या आसपास लागते. एका आकड्याला आठ सेकंद धरले तर निव्वळ पुकारायला साडेनऊ-दहा मिनिटे, आणि पहिले पाच, चार कोपरे, तीन ओळी या बक्षिसांच्या दाव्यांची तपासणी धरून एक डाव वीस मिनिटांचा. दोन डावांच्या वर लोक कंटाळतात. पुकारलेले आकडे फळ्यावर किंवा संचातल्या पाटावर मांडत जाणे आवश्यक आहे, नाहीतर दावा तपासायला काही आधारच उरत नाही.

पार्सलच्या खेळाला जुनी वर्तमानपत्रे पुरतात, वेष्टणाचा महाग कागद नको. पंधरा मुले असतील तर अठरा ते वीस थर करावेत, म्हणजे प्रत्येकाला एकदा तरी उघडायला मिळते. प्रत्येक थराला चिकटपट्टीचे दोनच लहान तुकडे किंवा एक रबरबँड लावावा. चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली की एक थर उघडायला दोन मिनिटे जातात आणि गाण्याचा जोर संपतो. शिक्षेची चिठ्ठी प्रत्येक दुसऱ्या थरात, मधल्या थरांत एकेक चॉकलेट.

खुर्च्या विकत घ्यायच्या नसतातच, मांडववाल्याकडून भाड्याने मिळतात. पण मागवताना काय सांगायचे ते नीट सांगावे: बिनहाताच्या, एकाच उंचीच्या. हाताच्या खुर्चीवर दोघे एकदम बसायला गेले की हात तुटतो किंवा बरगडीला लागतो. लोखंडी घडीच्या खुर्च्या संगीत खुर्चीला अजिबात नकोत, बिजागरीत बोटे सापडतात. घरच्या पाइपच्या खुर्च्या वापरणार असाल तर बोहरी आळीतून पायांचे रबरी बुश घ्यावेत. नेण्याआधी पाइपचा बाहेरचा व्यास मोजावा. १९, २२ आणि २५ मिलिमीटर हे नेहमीचे माप, आणि बुश सैल बसला तर पहिल्याच धक्क्याला निघतो. प्लास्टिकच्या अखंड खुर्चीचे पाय कोन्याच्या आकाराचे असतात, त्यांना हे बुश बसत नाहीत. त्या खुर्च्या पाठीला पाठ लावून दोन रांगांत मांडल्या की एकमेकींना अडवून धरतात आणि सरकत नाहीत. बारा खेळाडूंना अकरा खुर्च्या आणि अकरा फेऱ्या. खुर्ची काढताना एकदा या टोकाची, पुढच्या वेळी त्या टोकाची काढावी.

इथे गाणे आणि पाय यांचा हिशेब एकत्र येतो. माणूस सहज चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले टाकतो. त्या ठेक्याचे गाणे लावले तर माणसे चालतात, १४० च्या वरचे लावले की धावू लागतात आणि वळणावर पडतात. ठेका मोजायला घड्याळ पुरते: पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजायचे आणि चाराने गुणायचे. सात वर्षांखालच्या मुलांसाठी शंभरच्या आसपासचीच गाणी निवडावीत. गाणे थांबवण्याचे सेकंद आधीच चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावेत, आठपासून पंचवीसपर्यंत, आणि बटणावर बसणाऱ्याने खेळाकडे पाठ करून बसावे. मग आपल्या माणसासाठी गाणे थांबवले अशी तक्रार करायला कुणाला जागा राहत नाही.

तुळशीबाग या खरेदीत बक्षिसांसाठी. केसांच्या पिना, डबे, गळ्यातली, पिशव्या, आणि अर्थात भातुकली. पितळी किंवा स्टीलच्या भातुकलीचे चार-पाच तुकडे हे मुलांच्या स्पर्धेचे उत्तम बक्षीस आहे असे आम्ही मनापासून सांगतो. ती मोडत नाही आणि पुढच्या पिढीलाही खेळता येते. बॅटरीच्या खेळण्यांवर आयएसआय खूण बघून घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे, आणि रस्त्यावरच्या पथारीवर ती अनेकदा नसते. बटण सेलची झाकणे स्क्रूने बंद हवीत. असा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

याच भागात लहान मुलांचे वाजणारे बूट मिळतात, टाच टेकली की पी-पी करणारे. घरच्या अंगणात ठीक, पण गाण्याच्या खेळात ते नकोत: गाणे थांबल्यावरही दहा जोडांचा आवाज चालू राहतो. काही बुटांत आतला तळवा उचलला की टाचेतली प्लास्टिकची शिट्टी काढता येते. घेतानाच तळवा उचलून बघावा, चिकटवलेला असेल तर ती सोय नाही. दिव्यांच्या बुटांत सेल बदलता येत नाही, दिवे गेले की ते साधे बूट होतात. त्या हिशेबानेच किंमत द्यावी.

कार्यक्रमात मुलांचा नाच असेल तर घुंगरूही इथल्या पितळी वस्तूंच्या दुकानांजवळ मिळतात. लहान मुलाला एका पायात पन्नास पुरेत. प्रत्येक घुंगरू हलवून ऐकावे, चिरलेले बद्द वाजते. पट्ट्यावर शिवलेल्यांपेक्षा दोरीत गाठ मारून ओवलेले टिकाऊ, पण बांधायला वेळ जातो. घुंगरू घातले की पायात बूट नको, मोजे तर मुळीच नकोत.

आता बूट. आधी एक गोष्ट सांगायलाच हवी: स्वच्छ, कोरड्या फरशीवर घरातल्या घरात खेळणार असाल तर नवे बूट घेऊच नका. अनवाणी पायासारखी पकड कशालाच नसते. सर्वांत वाईट म्हणजे नुसते मोजे. कापडी मोजा आणि चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी म्हणजे बर्फावर उभे राहणे. बूट लागतात ते पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर, खडबडीत सिमेंटवर आणि गच्चीवर. पुण्यात डिसेंबरच्या रात्री थंडी पडते, गच्चीवर दव उतरते, आणि चायना मोझॅकची गच्ची आठनंतर निसरडी होते. कोरडी वाटते पण हात फिरवला की ओल लागते. त्या वेळी धावण्याचे खेळ थांबवून बैठे खेळ घ्यावेत. बूट कितीही चांगला असला तरी आमचा सल्ला हाच.

सोल कशाचा आहे ते दुकानदाराला विचारावे आणि स्वतः बघावे. पीव्हीसीचा सोल कडक, जड, थंडीत आणखी कडक होतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. स्वस्त जोडांत तोच जास्त असतो. ईव्हीए फोमचा सोल हलका आणि मऊ, पण खाली रबराची पट्टी नसेल तर लवकर झिजून गुळगुळीत होतो. टीपीआर, म्हणजे रबरासारखे मऊ प्लास्टिक, किमतीच्या मानाने चांगला. खऱ्या रबराची पकड सर्वांत भरवशाची, वजन मात्र जास्त. कॅनव्हासचा रबरी सोलचा साधा बूट या खेळांना पुरेपूर चालतो, त्याहून महाग काही घेण्याची गरज नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) सोलबद्दल जरा सविस्तर, कारण दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात हा प्रकार घडतो. कपाटात जपून ठेवलेला, वर्षातून एकदा बाहेर निघणारा चांगला बूट खेळाच्या मध्यावर अचानक तळातून सुटतो, नाहीतर त्याचा सोल बिस्किटासारखा चुरतो. हवेतल्या दमटपणाने पॉलियुरेथेन आतून विघटित होत जाते. रोज वापरलेला बूट दाबला जातो आणि त्यातला ओलावा निघून जातो, कपाटात बंद असलेला मात्र न वापरताच मरतो. चार-पाच वर्षे जुना जोड असेल तर सोलच्या कडेला अंगठ्याचे नख दाबावे. चिकट लागले किंवा पावडर निघाली तर तो बूट खेळायला घालू नये. हीच परीक्षा सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मालालाही लावावी. नवा डबा म्हणजे नवा बूट असे नसते.

लक्ष्मी रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानांत भाव ठरलेला असतो, पण बसून, दोन्ही पायांत घालून, चालून बघता येते, बिल मिळते आणि न वापरलेला जोड बहुतेक ठिकाणी बदलून मिळतो. मुलांसाठी हाच बाजार योग्य. जोड बघताना पुढचा भाग धरून वाकवावा: बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधेच कंबरेतून मोडत असेल तर तो नको. टाचेचा मागचा कप चिमटीत दाबून बघावा, चेपला तर वळणावर टाच बाहेर सरकते. आतला तळवा निघत असेल तर काढून त्यावर उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, वाढत्या मुलाला फार तर सव्वा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून दोन नंबर मोठा घेतलेला बूट हाच संगीत खुर्चीत पडण्याचे मोठे कारण असतो. नंबरांचीही गंमत लक्षात ठेवावी. आपल्याकडचा नंबर ब्रिटिश मापाचा, एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय मापात तो सहा-सात मिलिमीटर. मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात, म्हणून नुसते ‘एक नंबर’ न सांगता पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगावी.

नव्या सोलवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिलेला असतो, म्हणून नवा बूट पहिले दोन दिवस घसरतो. कार्यक्रमाच्या दिवशीच खोका उघडू नये. आधी दोन-तीन दिवस सिमेंटच्या रस्त्यावर घालून फिरावे.

कोल्हापुरी चपलेचा मोह कार्यक्रमाच्या पोशाखासाठी होतोच, आणि ती घ्यावीही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. पण कातडी तळाची नवी कोल्हापुरी फरशीवर सरकते, आणि चपलेच्या अंगठ्यावर सगळा भार येऊन तो तुटतो. ती नाचण्या-धावण्याची चप्पल नव्हे. फार तर चप्पल दुरुस्तीवाल्याकडून तळाला पातळ रबर लावून घ्यावे. मोजडीचेही तेच. उंच, बारीक टाचेचा सँडल पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतो आणि घोटा मुरगळतो, खेळणाऱ्यांनी तो गेटवरच काढून ठेवावा.

या सगळ्यांत बुटांचाच म्हणावा असा एक खेळ आहे, आणि तो लहानमोठे सगळे खेळू शकतात. प्रत्येकाने आपला एकेक बूट मधल्या ढिगात टाकायचा, दुसरा हातात धरायचा. गाणे चालू असेपर्यंत ढिगाभोवती अनवाणी फिरायचे, थांबले की ढिगातला आपला जोडीचा बूट शोधून पायात घालायचा आणि नाडी बांधून उभे राहायचे. वीस माणसांवर ढीग एकच ठेवू नये, दोन करावेत. शाळेचे काळे बूट सगळे सारखे दिसतात, म्हणून बोहरी आळीतल्या रंगीत रिबिनीचा तुकडा दोन्ही बुटांना बांधावा आणि त्यावर मार्करने क्रमांक लिहावा. वेल्क्रोवाले आणि नाडीवाले यांच्या वेगळ्या फेऱ्या कराव्यात, नाहीतर वेल्क्रोवाला हमखास जिंकतो. ढीग सतरंजीवर ठेवावा, म्हणजे बुटाची धूळ फरशीवर पसरून पुढच्या खेळाला घसरण होत नाही.

दमल्यावर बसून खेळायला गाण्याच्या भेंड्या आहेतच, त्यांना काही विकत घ्यावे लागत नाही. नियम तेवढे आधी जाहीर करावेत: ‘ण’ आला तर ‘न’, ‘ळ’ आला तर ‘ल’, कारण त्या अक्षरांनी मराठीत गाणे सुरू होत नाही. मुखडाच चालेल की अंतराही चालेल, हेही आधीच ठरवावे.

फॅशन स्ट्रीटबद्दल शेवटी. मोठ्यांसाठी कॅनव्हास आणि खेळाच्या बुटांची निवड तिथे भरपूर, आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलणे सुरू करता येते. पण तिथे दोन्ही पायांचे बूट एकाच नंबराचे आहेत का हे तळावर वाचून बघावे, दोन्ही सोल समोरासमोर लावून लांबी मोजावी, आणि शिवणीपेक्षा चिकटवण जास्त असेल तर कडा हाताने ओढून बघावी. बहुतेक ठिकाणी बिल मिळत नाही, म्हणून बदलून मिळण्याची आशा धरू नये. बिल मिळणार असेल तर करही बघावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या जोडावर १८. एका कार्यक्रमापुरता, मोठ्या माणसाचा, कोरड्या जागेवर वापरायचा बूट फॅशन स्ट्रीटवरून घ्यायला हरकत नाही. मुलांचा आणि गच्चीवर वापरायचा मात्र लक्ष्मी रस्त्यावरूनच, बसून आणि चालून बघून.